ताकदवान डिझेल पिकअपसाठी क्लच निवडताना या चुका टाळा

डिझेल पिकअपचे ट्यूनिंग, म्हणजे इंजिन नियंत्रित करणारी सेटिंग बदलली, मोठे इंजेक्टर किंवा मोठा टर्बो बसवला, की वाढलेल्या ताकदीखाली पहिल्यांदा शरण जातो तो बहुधा मूळचा क्लच. चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचे फेरे भराभर वाढतात, गाडीचा वेग मात्र तसाच राहतो आणि थोड्याच वेळात जळका वास येऊ लागतो. अशा वेळी मालक बाजारातला सर्वांत मोठ्या क्षमतेचा क्लच मागवतो आणि महिन्याभरात नव्या तक्रारी सुरू होतात: पेडल जड झाले आहे, उभ्या गाडीला रिव्हर्स गिअर टाकताना करकर होते, निघताना गाडी थरथरते. यांतल्या बहुतेक तक्रारींचे मूळ क्लचच्या दर्जात नसून निवडीत असते. क्लचला टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, पेलावा लागतो आणि उष्णताही पचवावी लागते. ही दोन कामे वेगळी असल्याचे लक्षात न घेता केलेली निवड पुढे कुठे ना कुठे अडते.

अश्वशक्तीवरून निवड

क्लच घसरतो तो टॉर्कमुळे. अश्वशक्ती किंवा किलोवॅट हा टॉर्क आणि फेऱ्यांचा गुणाकार असल्यामुळे तोच आकडा दोन इंजिनांमध्ये क्लचवर फार वेगळा भार टाकू शकतो. ३०० किलोवॅट शक्ती मिनिटाला ६००० फेऱ्यांवर देणाऱ्या पेट्रोल इंजिनात त्या क्षणी क्लचवर सुमारे ४७७ न्यूटन-मीटर टॉर्क येतो. तीच शक्ती २८०० फेऱ्यांवर देणाऱ्या डिझेलमध्ये तो सुमारे १०२३ न्यूटन-मीटर असतो. शिवाय डिझेलचा सर्वाधिक टॉर्क त्याहूनही कमी फेऱ्यांवर, बहुधा दोन हजारांच्या आत येतो. म्हणून ट्यूनिंग करणाऱ्याकडून केवळ शक्तीचा आकडा घेऊ नये, तर फेऱ्यांनुसार टॉर्कचा संपूर्ण आलेख मागावा आणि त्यातला सर्वोच्च बिंदू धरून निवड करावी. हा आलेख चाकांवर मोजलेला असेल, तर गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये खर्च झालेला भाग त्यात आलेला नसतो. ही घट साधारण पंधरा टक्के धरली, तर चाकांवर ८५० न्यूटन-मीटर दाखवणाऱ्या गाडीत क्लचला प्रत्यक्षात १००० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क पेलावा लागतो.

गाडी तयार करणाऱ्या कंपन्याही हे गणित जपून मांडतात. ६.७ लिटर कमिन्स इंजिन असलेल्या रॅम पिकअपमध्ये २०१३ साली मॅन्युअल गिअरबॉक्सच्या गाडीला ६६० पौंड-फूट, म्हणजे सुमारे ८९५ न्यूटन-मीटर टॉर्क दिला जात होता, तर त्याच इंजिनाच्या सर्वांत ताकदवान ऑटोमॅटिक रूपात तो ८५० पौंड-फूट, म्हणजे सुमारे ११५० न्यूटन-मीटर होता. एकच इंजिन मॅन्युअल गिअरबॉक्ससोबत मुद्दाम सौम्य ठेवलेले होते. ट्यूनिंगने ही मर्यादा उठवताना मूळ क्लचकडे जास्तीची फारशी क्षमता शिल्लक नसते, हे गृहीत धरूनच पुढे जावे.

गरजेपेक्षा फार मोठा क्लच

प्रेशर प्लेट स्प्रिंगच्या जोराने क्लचची प्लेट फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चकतीवर, दाबून धरते. क्लचची पकड चार गोष्टींवर ठरते: प्रेशर प्लेटचा दाब, घर्षण करणाऱ्या पृष्ठभागांची संख्या, अस्तराचा, म्हणजे प्लेटवरच्या घर्षणाच्या थराचा, घर्षणांक आणि प्लेटची सरासरी त्रिज्या. सरासरी त्रिज्या १३ सेंटिमीटर, घर्षणांक ०.३ आणि दाब १५,००० न्यूटन असला, तर दोन पृष्ठभागांची एकेरी प्लेट सुमारे ११७० न्यूटन-मीटर टॉर्क पेलते. त्याच दाबाखाली दोन प्लेट बसवल्या की पृष्ठभाग चार होतात आणि क्षमता दुप्पट होते. किंवा क्षमता तेवढीच ठेवून दाब निम्म्यावर आणता येतो. दुहेरी प्लेटच्या क्लचचा खरा फायदा मला या दुसऱ्या शक्यतेत दिसतो, कारण केवळ स्प्रिंगचा दाब वाढवून मिळवलेल्या पकडीची किंमत इतर भागांना चुकवावी लागते. पेडल जड होते, पेडलचा जोर पोहोचवणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरांवर आणि क्लच सोडवणाऱ्या दांड्यावर (क्लच फोर्क) ताण येतो आणि पेडल दाबून धरलेले असताना हा सारा जोर क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर पडतो. सिग्नलला पेडल दाबून उभे राहण्याची सवय असणाऱ्याने भारी दाबाची प्रेशर प्लेट घेण्यापूर्वी ही गोष्ट गंभीरपणे विचारात घ्यावी.

क्षमतेत मोजलेल्या टॉर्कपेक्षा वीस ते तीस टक्के जास्त वाव असला, तर रोजच्या वापरासाठी तो पुरेसा असतो. त्याहून फार पुढे गेल्यास एक संरक्षण नाहीसे होते: अचानक धक्का बसला की थोडासा घसरून गिअरबॉक्सला वाचवणारा दुवा क्लचच असतो. तो कधीच घसरणार नाही अशी व्यवस्था केली, तर तोच धक्का इनपुट शाफ्ट, गिअर आणि ॲक्सलपर्यंत पोहोचतो.

अस्तर कशाचे?

ऑरगॅनिक अस्तर मऊपणे पकडते, अर्ध्या क्लचवर गाडी हळूहळू सरकवणे त्यावर सोपे जाते आणि फ्लायव्हीलही कमी झिजते. मात्र फार तापले की त्याची पकड ढिली पडते. सिरॅमिक किंवा धातुमिश्रित अस्तर जास्त उष्णता सहन करते आणि जास्त पकडतेही, पण ते जवळजवळ एकदम पकडते. अवजड ट्रेलर लावून अंगणात इंच इंच मागे घेताना हा गुण त्रासदायक ठरतो आणि निघतानाची थरथर कायमची सोबतीला येते. केव्हलार अस्तर या दोहोंच्या मधले, दीर्घायुषी असते. पण ते नीट मुरण्याआधी, म्हणजे सुरुवातीच्या वापरात फ्लायव्हीलशी जुळण्याआधी, जास्त तापले, तर त्यावर काचेसारखी चकाकी चढते आणि मग पकड पूर्ववत मिळणे अवघड असते. काही क्लचमध्ये प्लेटच्या एका बाजूला ऑरगॅनिक आणि दुसऱ्या बाजूला सिरॅमिक अस्तर असते. ज्या गाडीला आठवडाभर रोजची ये-जा आणि सुट्टीच्या दिवशी ट्रेलर अशी दोन्ही कामे करायची असतात, तिच्यासाठी ही तडजोड मला योग्य वाटते. निव्वळ शर्यतीसाठी बनवलेला क्लच रस्त्यावरच्या गाडीत घालण्याचा मोह मात्र आवरावा.

उष्णतेचा हिशेब विसरणे

भरपूर क्षमतेचा क्लचही चुकीच्या सवयीने जळतो. सपाट रस्त्यावर गाडी निघताना, इंजिनाचे फेरे स्थिर राहिले असे धरले, तर क्लचमध्ये निर्माण होणारी उष्णता ही पकड पूर्ण होईपर्यंत गाडीला मिळालेल्या गतिज ऊर्जेइतकी असते. गाडी आणि ट्रेलर मिळून ८५०० किलो वजन असेल आणि ताशी ७ किलोमीटरच्या आसपास पकड पूर्ण होत असेल, तर एकदा निघण्यात सुमारे १६ किलोज्यूल उष्णता क्लचमध्ये जाते. आता पहिल्या गिअरचे गुणोत्तर ६.२९ आणि दुसऱ्याचे ३.४८ असलेल्या गिअरबॉक्समध्ये तीच गाडी दुसऱ्या गिअरवर उचलली, तर पकड पूर्ण होण्याचा वेग १.८ पट होतो आणि उष्णता वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने सव्वातीन पट होते. चढावर हा आकडा आणखी वाढतो. इंजिनात जोर आहे म्हणून दुसऱ्या गिअरवर निघणारे चालक हे लक्षात घेत नाहीत. भार असताना नेहमी पहिल्या गिअरवर, कमीत कमी ॲक्सिलरेटर देऊन निघावे, आणि चढावर गाडी थोपवण्यासाठी अर्धा क्लच वापरू नये, हँडब्रेक वापरावा. मोठे टायर बसवलेल्या गाडीला हेच आणखी काटेकोरपणे लागू पडते, कारण टायरचा व्यास वाढला की गिअरचे एकूण गुणोत्तर तेवढेच कमी होते आणि पकड पूर्ण होण्याचा वेग वाढतो.

फ्लायव्हील

अनेक डिझेल पिकअपमध्ये मूळचे फ्लायव्हील दोन भागांचे असते आणि मधल्या स्प्रिंगा इंजिनाची कंपने शोषून घेतात. वाढलेल्या टॉर्कपुढे या स्प्रिंगा टिकत नाहीत, म्हणून ते काढून एकसंध फ्लायव्हील बसवणे रास्तच आहे. पण पूर्वी स्प्रिंगांत जिरणारी कंपने आता थेट गिअरबॉक्समध्ये जातात आणि गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना खडखड ऐकू येते. पेडल दाबल्यावर ती थांबत असेल, तर बहुधा ती गिअरच्या दातांची असते आणि तिच्यासाठी गिअरबॉक्स उघडण्याची गरज नसते. याउलट, पेडल दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे) किंवा पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक आधारणारे) तपासावे. दुहेरी प्लेटच्या काही क्लचमध्ये पेडल दाबल्यावर मधली प्लेट मोकळी होऊन खुळखुळते; हा आवाज कोणता, हे खरेदी करतानाच विचारून घ्यावे.

जुनेच फ्लायव्हील ठेवायचे असल्यास निळे डाग आणि बारीक भेगा पाहाव्यात. मशीनवर पृष्ठभाग सपाट केल्याशिवाय नवी प्लेट त्यावर बसवू नये आणि भेगा खोल असतील, तर ते बदलावेच.

क्लच काढण्याआधी

घसरणाऱ्या प्रत्येक क्लचची प्लेट झिजलेलीच असते, असे नाही. हायड्रॉलिक व्यवस्थेत दाब अडकून राहिला आणि रिलीज बेअरिंग पूर्ण मागे आले नाही, तर चांगली प्लेटही घसरते. इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल गळून प्लेटवर आले, तर नव्या क्लचचेही तेच होते. म्हणून गिअरबॉक्स उतरवला असताना ते सील बदलण्यात हयगय करू नये.

क्लच सुटत नसल्याची शंका असेल, तर इंजिन चालू ठेवून पेडल पूर्ण दाबावे, दहा सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स गिअर टाकावा. करकर झाली, तर प्लेट अजून फिरते आहे. पेडल चार-पाच वेळा पंप केल्यावर सुधारणा झाली, तर दोष हवा शिरल्याचा किंवा थकलेल्या मास्टर (पेडलकडच्या) अथवा स्लेव्ह (क्लचकडच्या) सिलिंडरचा असतो. फरक पडला नाही, तर घट्ट झालेले पायलट बेअरिंग, वाकलेली प्लेट किंवा झिजलेला फोर्क यांचा शोध घ्यावा. दुहेरी प्लेटच्या क्लचमध्ये चारही पृष्ठभागांना सुटायला जागा हवी असल्यामुळे रिलीज बेअरिंगचा प्रवास जास्त लागतो, आणि मूळच्या सिलिंडरांवर तो पुरेसा मिळत नाही, अशी अडचण वारंवार येते. क्लचसोबत मोठ्या क्षमतेचा हायड्रॉलिक संच घ्यावा लागणार का, हे मागणी नोंदवण्यापूर्वीच ठरवावे.

बसवताना आणि पहिल्या हजार किलोमीटरमध्ये

प्लेटची फ्लायव्हीलकडची बाजू उलटी बसवणे, स्प्लाइनवर (शाफ्टवरच्या खाचांवर) जास्त ग्रीस लावणे, आणि प्लेटच्या हबवर (मधल्या भागावर) गिअरबॉक्सचे वजन लोंबकळू देणे या तीन चुका मी सर्वांत घातक मानतो. तिसरीमुळे हब किंचित वाकतो आणि क्लच पहिल्या दिवसापासून नीट सुटत नाही. गिअरबॉक्स जॅकवर सरळ रेषेत आणावा, बोल्ट आवळून ओढून घेऊ नये. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे करून, टॉर्क रेंचनेच आवळावेत.

नवा क्लच बसल्यावर उत्पादकाने दिलेले मुरवण्याचे अंतर पाळावे. बहुतेकांसाठी ते ८०० किलोमीटरच्या आसपास असते आणि ते शहरातल्या चालू-थांब वापराचे असावे लागते. महामार्गावर एकाच गिअरमध्ये कापलेले ८०० किलोमीटर यात धरता येत नाहीत, कारण तेवढ्या अंतरात क्लच मोजक्याच वेळा पकडतो आणि अस्तराचा पृष्ठभाग फ्लायव्हीलशी जुळत नाही. या काळात ट्यूनिंग मूळच्या पातळीवर ठेवावे आणि ट्रेलर लावू नये. मुरल्यानंतर वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवरून, एकदाच पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन पाहावे. फेरे आणि वेग सोबत वाढले, तर जास्त शक्तीचे ट्यूनिंग चालू करण्यास हरकत नाही.