दीवला कॅराव्हॅन नेताय? बर्फ बाटल्यांत भरून न्या

जळगाव-धुळ्याहून चार घरं मिळून दीव बेटावर निघाली की नवापूर-सुरत रस्त्यातच बर्फाच्या लादीचं पाणी होतं. पेटीतल्या भाकरी-ठेच्याचे डबे भिजतात, आणि गळाला लागलेला मासा ठेवायला थंड जागा उरत नाही.

आम्ही आता सुटा बर्फ घेत नाही.

१. दोन दिवस आधी प्रत्येक घरानं शीतपेयाच्या रिकाम्या बाटल्या पाण्यानं भरून फ्रीजरमध्ये ठेवायच्या. वर चार बोटं जागा सोडा, नाहीतर बाटली फुटते.

२. निघताना दोन थर्माकोलच्या पेट्या करा, एक जेवणाची, एक माशांची. माशांची पेटी बाटल्यांनी गच्च भरा, झाकण चिकटपट्टीनं बंद करा, वरून जुनी गोधडी गुंडाळा. रिकामी जागा राहिली की बर्फ लवकर वितळतो. बेटावर पोहोचेपर्यंत ती उघडायचीच नाही. सगळा फरक इथे पडतो, त्यामुळे पोरांनाही आधीच बजावून ठेवा.

३. मासा लागला की लगेच पोट आणि कल्ले काढून धुवा, पिशवीत बांधा आणि बाटल्यांच्या मधे ठेवा. पाणी बाटलीतच राहतं, म्हणून मासा भिजून मऊ पडत नाही.

बाटल्या वितळल्या तर वणकबाऱ्याला, मच्छीमारांच्या बंदरावर, बर्फाची चौकशी करा.

जेवणाच्या पेटीतल्या बाटल्यांमधलं गार पाणी प्यायला चालतं. माशांच्या पेटीतल्या बाटल्यांच्या गळ्याला मात्र घरूनच लाल दोरा बांधा. त्यातलं पाणी कुणीही प्यायचं नाही.