सेफमध्ये (Ceph) इरेजर कोडिंग लावताय? आधी या चुका टाळा

सेफ म्हणजे अनेक सर्व्हरच्या डिस्का जोडून एकच मोठं स्टोरेज बनवणारं सॉफ्टवेअर. त्यात इरेजर कोडिंग म्हणजे पूर्ण कॉप्या न ठेवता डेटाचे तुकडे करायचे आणि हरवलेला तुकडा परत बांधता यावा म्हणून जादा पॅरिटीचे तुकडे सोबत ठेवायचे. तीन कॉप्या ठेवल्या की तिप्पट जागा जाते, ४+२ मध्ये दीडपटच, एवढं एक वाक्य वाचून लोक कामाला लागतात. आणि मग रात्री अकराला मेसेज येतो, "दादा, पीजी इनॲक्टिव्ह दाखवतंय, काय करू?" (पीजी म्हणजे प्लेसमेंट ग्रुप, डेटाचा एक गठ्ठा; इनॲक्टिव्ह म्हणजे त्याचं रीड-राइट बंद.) काय करणार, आता रात्रभर जागत बसा.

सगळ्यात जास्त वेळा बघितलेली चूक म्हणजे सर्व्हर मोजायच्या आधी के आणि एम, म्हणजे डेटाचे आणि पॅरिटीचे तुकडे किती ते, ठरवणं. ४+२ म्हणजे चार तुकडे डेटाचे, दोन पॅरिटीचे, एकूण सहा, आणि फेल्युअर डोमेन (तुकडे कशाकशावर वेगळे ठेवायचे ती पातळी) डिफॉल्टला होस्ट, म्हणजे सर्व्हर, असतं, म्हणजे हे सहा तुकडे सहा वेगवेगळ्या सर्व्हरवर जायला हवेत. तुमच्याकडे सर्व्हर चारच. मग पूल (डेटा ठेवायचा कप्पा) बनतो पण पीजी अडकून बसतात, तुम्ही सर्च करता, कोणीतरी लिहिलेलं असतं की फेल्युअर डोमेन ओएसडी (म्हणजे सर्व्हरऐवजी एकेक डिस्क) करा, ते केलं की मिनिटात सगळं हिरवं. झालं काम, असं वाटतं. काम आता सुरू होतं.

एका ठिकाणी अगदी हेच करून ठेवलं होतं. चार सर्व्हर, ४+२, डोमेन ओएसडी, वर व्हीएमच्या (व्हर्च्युअल मशीनच्या) डिस्का. सहा तुकडे चार सर्व्हरवर बसवायचे म्हटल्यावर कुठल्यातरी एकावर दोन येणारच, कधी तीनही. एक दिवस कर्नल अपडेटसाठी एक सर्व्हर रीबूट केला. ज्या पीजीचे दोन तुकडे त्यावर होते त्यांचे उरले चार, आणि ४+२ ला मिन साइज (रीड-राइट चालू राहायला किमान किती तुकडे हवेत तो आकडा) डिफॉल्टला ५ असतो, त्यामुळे तिथलं रीड-राइट बंद, व्हीएम लटकले. सर्व्हर वर यायला दहाएक मिनिटं लागली असती. तेवढाही धीर नाही! तिथल्या एका उत्साही पोराने मिन साइज ४ केला, व्हीएम परत धावायला लागले, ग्रुपवर अंगठे पडले.

आता त्या मधल्या वेळात जे काही लिहिलं गेलं ते फक्त चार तुकड्यांवर. त्यातला एकही गेला तर संपलं. आणि दुसऱ्या सर्व्हरमधली एक जुनी डिस्क नेमकी तेव्हाच मेली. रीबूट झालेला सर्व्हर परत आला खरा, पण त्याच्याकडचे तुकडे जुने, त्या लिखाणाचा त्यांना पत्ताच नाही. काही पीजी डाउन. शेवटी मेलेला ओएसडी लॉस्ट म्हणून मार्क केला तेव्हा हेल्थ डिटेलमध्ये अनफाउंड, म्हणजे ज्यांचा ताजा डेटा कुठेच सापडत नाही अशा, ऑब्जेक्टची यादी उभी राहिली. इरेजर कोडेड पूलमध्ये अनफाउंडला जुन्या व्हर्जनवर रिव्हर्ट पण करता येत नाही, फक्त डिलीट. म्हणजे व्हीएमच्या डिस्कला मधेच भोक. बॅकअप होता म्हणून निभावलं.

त्यामुळे माझी सवय सांगतो. आधी सर्व्हर मोजतो, त्यातून एक वजा करतो, आणि उरलेल्यात के अधिक एम बसवतो, म्हणजे एक सर्व्हर कायमचा गेला तरी तुकडे परत बांधायला जागा असते. चारच सर्व्हर असतील तर सरळ तीन कॉप्या. फारच जागा वाचवायची असेल तर २+२, पण मग जादा सर्व्हर हातात नाही हे मान्य करून. एम कधीच १ नाही, यावर माझ्याशी वाद घालू नका. आणि मिन साइजला हात लावायचा नाही. ऑक्टोपस व्हर्जनपासून के तुकडे हातात असले तरी रिकव्हरी होते, त्यामुळे 'रिकव्हरीसाठी खाली आणला' हे कारण आता चालत नाही. डेटा टाकायच्या आधी एका सर्व्हरची पॉवर खरंच काढून बघा, बेंचमार्क चालू ठेवून.

दुसरी लाडकी चूक, बारक्या फाइली. सेफच्या पॅसिफिक व्हर्जनच्या आधी हार्ड डिस्कवर ब्लूस्टोअरचा (डिस्कवर डेटा लिहिणारा सेफचा भाग) कमीत कमी तुकडा, म्हणजे कितीही छोट्या डेटाला दिली जाणारी जागा, ६४ केबीचा असायचा. ८+३ मध्ये ४ केबीचा ऑब्जेक्ट टाका, अकरा तुकडे गुणिले ६४, झाले ७०४ केबी. त्यापेक्षा तीन कॉप्या स्वस्त पडल्या असत्या! पॅसिफिकपासून तो ४ केबी झाला, पण नुसतं अपग्रेड करून जुने ओएसडी बदलत नाहीत, ते पुसून नव्याने बनवावे लागतात, हे लोक हमखास विसरतात.

बाकीच्या पटकन. प्रोफाइल (के-एम लिहून ठेवलेली सेटिंग) बदललं म्हणून जुन्या पूलचे के-एम बदलत नाहीत, नवा पूल बनवा आणि डेटा हलवा, शॉर्टकट नाही. आरबीडीची (व्हीएमला डिस्क पुरवणारी सेफची सोय) इमेज थेट इरेजर कोडेड पूलमध्ये बनत नाही, मेटाडेटा रिप्लिकेटेड (कॉप्यांच्या) पूलमध्ये आणि डेटा पूल म्हणून हा, वर ओव्हरराइट्स (लिहिलेल्याचा मधलाच भाग परत लिहिण्याची सोय) चालू करायला लागतात. के उगाच मोठा घेऊ नका, ८+३ मध्ये एक तुकडा परत बांधायला आठ वाचावे लागतात, डिस्क मेल्यावर त्याचा अर्थ कळतो. डिस्क ८५ टक्के भरल्याची नियरफुल वॉर्निंग आली की म्यूट करू नका, डिस्का मागवा.

आणि प्रोफाइलला 'टेस्ट' नाव देऊ नका हो. मी अजून एक प्रॉडक्शन क्लस्टर सांभाळतोय जिथे सगळा डेटा 'टेस्ट२' वर आहे आणि 'टेस्ट१' उडवायची कोणाची हिंमत होत नाही.