टनामागे युनिट: दोन कारखान्यांचा हिशोब जुळेना तेव्हा

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतला (औद्योगिक वसाहत) आमचा फोर्जिंगचा, म्हणजे तापवलेला धातू दाबून घडवण्याचा, कारखाना टनामागच्या विजेत वाघोडियाच्या शेडपुढे कायम नापास. पण तिथली भट्टी गॅसवर, आमची इंडक्शनवर, म्हणजे विजेवर! आधी सगळं एका मापात आणलं: १ युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी, गॅस त्याच्या उष्मांकाने. (वीजकेंद्रातला तोटा यात येत नाही, आम्हाला गेटच्या आतलाच हिशोब हवा होता.) तफावत बरीच उतरली, संपली नाही.

मग एक्सेलमध्ये आडवं महिन्याचं उत्पादन, उभा वापर मांडला. उत्पादन शून्यावर नेलं तरी रेषा भलतीच वर अडकलेली. म्हणजे माल निघो न निघो, एवढी वीज जाणारच. माल कमी निघणाऱ्या दिवाळीच्या महिन्यात टनाचा आकडा का फुगतो, तेही कळलं.

रविवारी बंद शेडमध्ये गेलो तर हवा दाबून पुरवणारा कॉम्प्रेसर सारखा लोड घेतोय, म्हणजे हवा कुठेतरी गळतेय. साबणाचं पाणी लावलं, होजच्या क्लिपांवर फेसच फेस. क्लिपा बदलल्या, दाब ७ बारवरून ६ वर आणला. दाब एवढा उतरवल्यानेही कॉम्प्रेसरची वीज साधारण ६-७ टक्के वाचते. प्रेसवाले कुरकुरले, पण काम अडलं नाही. आता शेठना टनाच्या आकड्याशेजारी रविवारचं रीडिंगही पाठवतो.