संस्था पाठीशी नसताना परदेशातल्या परिषदेसाठी पैसा कसा उभा करावा

कापूस निघाला की पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर पेटवतात, हे विदर्भात कोणाला सांगायला नको. त्याच पऱ्हाटीतून नॅनोसेल्युलोज, म्हणजे वनस्पतीतल्या सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू, काढता येतात. या तंतूंची जाडी नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात मोजतात. गावात राहून, विद्यापीठाच्या नोकरीविना असं काम करणाऱ्याचा निबंध परदेशात स्वीकारला जातो, तेव्हा अडतं ते पैशावर.

आधी परिषद खरी आहे का ते बघा. निबंध पाठवल्याच्या दुसऱ्या दिवशी स्वीकारपत्र आणि सोबत फी भरायची घाई, एकाच परिषदेत नॅनोपासून नर्सिंगपर्यंत सगळे विषय, अशी लक्षणं दिसली तर एक रुपयाही भरू नका. आयोजन समितीतल्या एखाद्या प्राध्यापकाला त्याच्या विद्यापीठाच्या ईमेलवर थेट विचारा.

परिषद खरी निघाली की पहिलं पत्र आयोजकांनाच. हे बरेच जण विसरतात. चार ओळी पुरतात: "मी भारतातला स्वतंत्र संशोधक आहे. माझा निबंध तोंडी सादरीकरणासाठी स्वीकारला आहे. मला कोणत्याही संस्थेकडून प्रवासखर्च मिळत नाही. नोंदणी फी माफ होऊ शकेल का, आणि राहण्याची सोय?" रोख पैसे मागण्यापेक्षा फी माफ करून घेणं दोघांनाही सोपं जातं.

मग सरकारी दारं. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन (पूर्वीचं एसईआरबी) आणि सीएसआयआर या संशोधनाला निधी देणाऱ्या केंद्राच्या संस्था; त्यांच्या प्रवास-साहाय्य योजनांची पात्रता अर्जाआधी नीट वाचा. अर्जातली 'संस्था' ही चौकट कोरी सोडू नका. माझा पहिला अर्ज त्या एका चौकटीपायी परत आला, आणि तोवर मुदत संपली होती. जिथे पीएचडी केली किंवा ज्यांच्या प्रयोगशाळेत नमुने तपासले, तिथल्या विभागप्रमुखांना भेटून शिफारसपत्र मागा. अमरावती असो की नागपूर, फोनपेक्षा प्रत्यक्ष गेल्याने काम होतं. जाताना स्वीकारपत्र, गोषवारा आणि एका पानाचं अंदाजपत्रक न्या: तिकीट, फी, व्हिसा, विमा, राहणं, जेवण, प्रत्येकाची वेगळी ओळ.

उरलेली रक्कम आपल्या माणसांत मागायला लाजू नका. जिनिंगवाले, पतसंस्था, जुने विद्यार्थी, शाळेतले गुरुजी. त्यांच्यासाठी मराठीत एक पान लिहा, वर पऱ्हाटीच्या ढिगाचा फोटो आणि शेजारी सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे तिचे तंतू. "या कचऱ्याचं काही होतं" हे ज्याला दिसतं, तो हात आखडत नाही. कोणी किती दिले याची वही ठेवा आणि ती मागेल त्याला दाखवा.

पैशाच्या मागे लागताना व्हिसा विसरू नका. युरोपच्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी 6 महिन्यांपर्यंत करता येतो. त्याची फी प्रौढांना 90 युरो आहे आणि किमान 30,000 युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो. बँक खात्यात ऐन वेळी मोठी रक्कम आली तर तिचा स्रोत दाखवणारी देणगीदारांची पत्रं जोडा.

सरकारी साहाय्य पुष्कळदा परतल्यावर बिलं बघून मिळतं. म्हणून तेवढे पैसे आधी हाताशी असू द्या. बोर्डिंग पास आणि फीची पावती एका पाकिटात जपा, परिषदेचं हजेरी प्रमाणपत्र निघण्यापूर्वीच मागून घ्या. परत आल्यावर पहिल्या आठवड्यात बिलं पाठवा, आणि ज्यांनी पैसे दिले त्यांना बोलावून तिथे दाखवलेल्या त्याच स्लाइड मराठीत दाखवा.