घर विकताना-घेताना एजंट निवडताय? नाशिककरांनो, या चुका टाळा

इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्यावरचा फ्लॅट विकायला काढला की एजंटांचे फोन सुरू होतात, आणि सगळ्यात चढा भाव सांगणारा आपल्याला पटतो. पहिली चूक इथेच होते. तीन महिने एकही गिऱ्हाईक येत नाही, मग तोच एजंट म्हणतो, "काका, मार्केट डाऊन आहे, थोडं खाली या." त्याने सांगितलेला भाव कशावरून ठरवला ते आधीच विचारा. त्याच सोसायटीतल्या, नाहीतर शेजारच्या सोसायटीतल्या अलीकडच्या विक्रीचे इंडेक्स टू (नोंदवलेल्या व्यवहाराचा, किमतीसह गोषवारा) नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर पाहायला मिळतात. कामाचा एजंट ते स्वतःहून काढून दाखवतो.

दहा जणांना एकदम सांगू नका. एका व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमचा फ्लॅट 62 लाखांना, दुसऱ्यावर 58 ला दिसला की घेणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते. एक किंवा दोन एजंट, ठरलेली मुदत, सगळीकडे एकच भाव. आधीच गोंधळ झाला असेल तर सगळ्यांना लेखी मेसेज करून जाहिराती काढायला लावा.

सगळ्यात महागात पडते ती "वरचे माझे" ही बोली. एजंट म्हणतो, तुम्हाला 55 हातात देतो, वर जे मिळेल ते माझं. यात तो घेणाऱ्याला खरा भाव कळू देत नाही आणि विकणाऱ्या-घेणाऱ्याची भेटही शेवटपर्यंत टाळतो. थोडा कमी भाव देणारं हातचं गिऱ्हाईक त्याने परत पाठवलं तरी तुम्हाला पत्ता लागत नाही. सरळ टक्क्यांवर बोला. नाशिकमध्ये साधारण एक-दोन टक्के मागतात आणि बरेचदा दोन्हीकडून घेतात. दोन्हीकडून घेण्याला माझी हरकत नाही, पण ते दोघांनाही माहीत हवं. किती, कधी (टोकनवेळी की खरेदीखतानंतर), आणि व्यवहार मोडला तर काय, हे घर दाखवण्याआधी कागदावर घ्या.

नव्या प्रकल्पातलं घर विकून देणाऱ्या एजंटला महारेराची (राज्याच्या घरबांधणी नियामक प्राधिकरणाची) नोंदणी सक्तीची आहे. आता प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्रही लागतं. नोंदणी क्रमांक मागा आणि महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा, व्हिजिटिंग कार्डावर विसंबू नका. रीसेलमध्येही मी नोंदणी असलेल्यालाच काम देईन. ज्याला नोंदणी टिकवायची आहे तो सहज गायब होत नाही.

घेणाऱ्यांनी 2027 च्या सिंहस्थाच्या नावाने होणारी घाई ओळखावी. "कुंभाआधी घ्या, नंतर हात लावता येणार नाही" असं म्हणणाऱ्याला एवढंच विचारा: गोदावरीची निळी आणि लाल पूररेषा (पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या सरकारी रेषा) या इमारतीपासून कुठे आहे? विकास आराखड्यात प्लॉटवर रस्त्याचं किंवा दुसरं आरक्षण आहे का? भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला वापरण्याची महापालिकेची परवानगी) दाखवता? गंगापूर रोडला नदीकाठी घर पाहताना पूररेषेचा प्रश्न सोडूच नका. 2008 चा पूर पाहिलेल्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. जो एजंट "उद्या महापालिकेतून माहिती काढून सांगतो" म्हणतो आणि खरंच सांगतो, तो धरून ठेवा.

वकील मात्र एजंटने आणलेला नको. व्यवहार पूर्ण झाला तरच एजंटला पैसे मिळतात, त्यामुळे टायटल, म्हणजे मालकी हक्काची कागदपत्रं, तपासणारा माणूस तुमचाच हवा.

टोकन एजंटच्या हातात देऊ नका, थेट मालकाच्या खात्यावर भरा. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला आयकर कायद्यानुसार तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, हे विकणाऱ्यानेही लक्षात ठेवावं. पावतीवर फ्लॅट नंबर, ठरलेली किंमत, करारनाम्याची मुदत आणि बँकेने कर्ज नाकारलं किंवा टायटलमध्ये दोष निघाला तर टोकन परत मिळेल, असं स्पष्ट लिहून घ्या. टोकन आधीच एजंटकडे गेलं असेल तर मालकाकडून रक्कम पोचल्याचं आजच लेखी मागवा. मालक टाळाटाळ करू लागला तर पुढचा रुपया देण्याआधी वकिलाकडे जा.