ड्रंक अँड ड्राइव्हची केस लागलीये? वकील कसा शोधायचा आणि तारखेआधी काय करायचं

नाकाबंदीत थांबवलं, मशीनमध्ये फुंकायला लावलं, आकडा वर आला आणि हातात कोर्टाची तारीख पडली की बहुतेकांचं गणित एकच असतं, जायचं, दंड भरायचा, विषय संपला. पण सिग्नल तोडल्याच्या चलानसारखं हे मिटत नाही. भारतातल्या मोटार वाहन कायद्यात ज्या गुन्ह्यांची रस्त्यावरच पैसे भरून तडजोड होते त्यांच्या यादीत कलम १८५, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवण्याचं कलम, नाहीच, म्हणून हे कोर्टातच जातं. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं तर पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, परत सापडलात तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० किंवा दोन्ही. आणि लोकांना माहीत नसते ती गोष्ट म्हणजे शिक्षा झाली की कोर्टाला लायसन्स किमान ६ महिने अपात्र करावं लागतं, कलम २० मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. ज्याचं पोट गाडीवर आहे त्याच्यासाठी दंडापेक्षा हे कितीतरी महाग पडतं. म्हणून "कबूल आहे" म्हणायच्या आधी एकदा तरी वकिलाशी बोला, एवढंच माझं म्हणणं आहे, बाकी सगळं ते कसं करायचं त्याबद्दल.

त्याच रात्री

हुज्जत घालू नका. फुंकायला किंवा रक्त द्यायला योग्य कारण नसताना नकार दिलात तर तो नकारच कलम २०५ खाली तुमच्या विरोधात वापरता येतो, त्यामुळे "मी फुंकतच नाही" ही हुशारी अंगाशी येते. अटक केली तर २ तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हायला पाहिजे, नाही झाली तर कोठडीतून सोडावं लागतं (कोठडीतून, केसमधून सुटता असं नाही, यात भरपूर लोक गल्लत करतात). घरच्यांना कळवण्याचा आणि आपल्या पसंतीच्या वकिलाशी बोलण्याचा हक्क आहेच. नुसतं १८५ असेल तर गुन्हा जामीनपात्र आहे, जामीन मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे.

लायसन्स जमा केलं तर पोचपावती मिळते, ती घ्याच. पण त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही, कायद्यातच तसं म्हटलंय, आणि दुसऱ्याच दिवशी ऑफिसला गाडी काढून परत अडकणारे महाभाग असतात!

घरी आलात की झोपायच्या आधी मोबाईलवर वेळा टाइप करून ठेवा. कुठे थांबवलं, किती वाजता फुंकलं, एकदाच की दोनदा, अटक केली तर किती वाजता, दवाखान्यात कधी नेलं, सोबत कोण होतं. चार दिवसांनी यातलं निम्मं आठवत नाही आणि वकील नेमकं हेच विचारतो.

कागद गोळा करा

ब्रेथ अॅनालायझरच्या मशीनमधून निघालेली स्लिप मिळाली असेल तर लगेच तिचा फोटो काढा, असल्या थर्मल कागदावरचं प्रिंट काही महिन्यांत उडून जातं. तिच्यावरची तारीख, वेळ, रीडिंग, मशीनचा नंबर असेल तर तो, हे सगळं नीट दिसलं पाहिजे. स्लिपवर ११:४० आणि अटकेच्या कागदावर ११:१० असं काही असेल तर तुम्हाला ते किरकोळ वाटेल, पण वकील तिथेच बोट ठेवेल. रक्त घेतलं असेल तर त्याचा लॅब रिपोर्ट उशिरा येतो, ज्याला पोलीस आणि वकील सीए रिपोर्ट म्हणतात, त्याची कॉपी मागायला वकिलाला सांगा. समन्स किंवा नोटीस, लायसन्सची पावती, आरसी, इन्शुरन्स, आधार, सगळं एका फाइलमध्ये.

वकील कुठे शोधायचा

ओळखीतला वकील आहे म्हणून त्याच्याकडेच जायचं असं करू नका. काका जमिनीच्या केसेस बघत असतील तर त्यांचा सल्ला घ्या, पण केस त्यांना देऊ नका, उलट त्यांनाच विचारा की ज्या कोर्टाची तारीख आहे त्या कोर्टात फौजदारी आणि ट्रॅफिकची कामं रोज कोण करतं. तुम्हाला त्याच कोर्टात रोज उभा राहणारा माणूस पाहिजे. तारखेच्या आधी एक दिवस तिथे जाऊन बसा, बार रूममध्ये (वकील बसतात त्या खोलीत) विचारा, दोनचार जणांचं काम बघा, वकील माणसाशी कसा बोलतो ते अर्ध्या तासात कळतं.

कोर्टाच्या गेटवर "साहेब, दारूची केस का? या इकडे, दहा मिनिटांत मोकळं करतो" म्हणत जो मागे लागतो तो बहुतेक वेळा वकील नसतो, एजंट असतो, आणि त्याची दहा मिनिटं म्हणजे तुम्हाला गुन्हा कबूल करायला लावणं. तसंच "शंभर टक्के सोडवू" असे मेसेज. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे आणि केसच्या निकालावर अवलंबून फी ठरवायलाही बंदी आहे, म्हणजे "सुटलात तरच पैसे द्या" म्हणणारा पहिल्याच वाक्यात नियम मोडतोय.

खात्री करायला सनद नंबर, म्हणजे वकिली करायच्या परवान्याचा नंबर, विचारा, वकिलाला त्यात राग यायचं काही कारण नाही, महाराष्ट्रात नोंदणी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे असते. अजून एक सोपी गोष्ट, ई-कोर्ट्सच्या अॅपमध्ये वकिलाच्या नावाने केसेस शोधता येतात, तो खरंच त्या कोर्टात असतो का ते घरबसल्या दिसतं.

पहिल्या भेटीत

खरं सांगा. दोन बिअर प्यायला असाल तर दोनच सांगा, चार असतील तर चार, आणि आधी कधी अशी केस झाली असेल तर ते सगळ्यात आधी सांगा कारण दुसऱ्या वेळची शिक्षा वेगळी आहे. मग तुम्ही विचारा: कबूल केलं तर लायसन्सचं काय होईल, केस लढवली तर साधारण किती तारखा लागतील, प्रत्येक तारखेला मी यायलाच पाहिजे का, तुम्ही स्वतः उभे राहणार की ज्युनिअर. कागदांत खरंच काही दम नसेल तर चांगला वकीलच सांगतो की लढू नका, दंड कमीत कमी त्रासात कसा निपटेल ते बघू. तेही कामाचं उत्तर आहे.

फी पूर्ण केसची की तारखेवर, टायपिंग आणि कॉपीचा खर्च वेगळा का, हे आधी बोला आणि दिलेल्या पैशांची पावती घ्या किंवा ऑनलाइन द्या. वकीलपत्र (तुमच्या वतीने उभं राहायचा अधिकार वकिलाला देणारा कागद) वाचून सही करा, कोऱ्या कागदावर कुठेही सही नको. आणि कोणी "रिपोर्ट मॅनेज करू" म्हणालं तर उठा आणि निघा, पुण्यातल्या २०२४ च्या पोर्शे प्रकरणात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाच अटक झाली होती.

पैसे नसतील तर

१५१०० ही विधी सेवेची, म्हणजे सरकारी कायदेशीर मदतीची, हेल्पलाइन आहे. जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं आणि तालुक्याला समितीचं ऑफिस असतं, तिथे अर्ज करायचा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, कोठडीत असलेले, ठराविक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले, यांना फुकट वकील मिळतो.

कोणाला लागलं असेल तर

मग वरचं सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी अनुभवी फौजदारी वकील गाठा. १ जुलै २०२४ पासून अशी प्रकरणं भारतीय न्याय संहितेखाली येतात, मृत्यू झाला असेल तर निष्काळजीपणाचं कलम १०६ लागू शकतं आणि सदोष मनुष्यवधाचं १०५ लावलं तर तो अजामीनपात्र आहे. इन्शुरन्स कंपनीला काहीही लिहून द्यायच्या आधी वकिलाला दाखवा, आणि नुकसानभरपाईचा दावा वेगळ्या ट्रिब्युनलमध्ये चालतो, तिथली नोटीस आली तर ती उघडून बघा, गादीखाली सारू नका.