लंडन पायी बघताय? मग या चुका टाळा

लंडनमध्ये नवखे लोक एक चूक हमखास करतात: लेस्टर स्क्वेअरहून कॉव्हेंट गार्डनला जायला ट्यूब, म्हणजे भुयारी रेल्वे, पकडतात. या दोन स्टेशनांमधलं अंतर जेमतेम 260 मीटर. तेवढ्यासाठी जमिनीखाली उतरायचं, गाडीची वाट बघायची, आणि कॉव्हेंट गार्डनला लिफ्टसमोरची रांग बघून ‘चढू की, त्यात काय एवढं’ म्हणत जिन्याकडे वळायचं. त्या जिन्याला 193 पायऱ्या आहेत. वरच्या रस्त्याने चालत गेलं, तर पाच मिनिटांचं काम.

यात प्रवाशाचा दोष कमी, नकाशाचा जास्त. हॅरी बेकने आखलेला आणि 1933 साली लोकांच्या हाती आलेला ट्यूबचा नकाशा कुठलं स्टेशन कुठल्यानंतर येतं आणि गाडी कुठे बदलायची, एवढंच सांगतो. अंतर दाखवणं हे त्याचं कामच नाही. मध्य लंडनमधली स्टेशनं वाचता यावीत म्हणून तिथे ऐसपैस मांडली आहेत, त्यामुळे शेजारशेजारच्या जागाही लांब वाटतात. पायी फिरणाऱ्याने तो नकाशा स्टेशनात शिरेपर्यंत खिशातच ठेवावा.

त्याऐवजी रस्त्याच्या कडेचे, पायी फिरणाऱ्यांसाठीचे नकाशाचे खांब बघा. माथ्यावर पिवळी पट्टी आणि चालणाऱ्या माणसाचं चिन्ह असतं. नकाशावर वर्तुळ काढून पाच मिनिटांत कुठवर पोचाल ते दाखवलेलं असतं. फक्त एक गोम आहे. शाळेपासून आपल्या डोक्यात ‘वर उत्तर’ पक्कं बसलेलं असतं. या खांबांवर मात्र तुम्ही ज्या दिशेला तोंड करून उभे आहात ती दिशा वर असते. म्हणजे समोरचं ते वर, उजवीकडचं ते उजवीकडे. हे माहीत नसलं, की माणसं खांबाशी वाद घालून उलट्या दिशेला निघून जातात.

दुसरी फसवणूक थेम्सची. नदी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते हे खरं, पण सरळ नाही. वेस्टमिन्स्टरपाशी ती चक्क दक्षिणोत्तर आहे. त्यामुळे ‘पूल ओलांडला म्हणजे दक्षिणेला आलो’ हा हिशेब तिथे चुकतो. आणि पुलांचंच निघालं म्हणून: दोन मनोऱ्यांचा, फोटोतला पूल म्हणजे टॉवर ब्रिज, 1894 सालचा. लंडन ब्रिज हा त्याच्या पश्चिमेचा, 1973 सालचा, दिसायला अगदी साधा पूल. लंडन ब्रिजवर उभं राहून ‘मनोरे कुठे गेले?’ असं विचारणारे रोज भेटतात. तिथून पूर्वेला बघा, दिसतील.

‘पॉइंट’ मोजू नका

महाबळेश्वरला गाडीतून उतरायचं, पॉइंट बघायचा, पुन्हा गाडीत बसायचं. ही सवय लंडनमध्ये महागात पडते. सकाळी राजवाडा, मग टॉवर ऑफ लंडनचा किल्ला, मग ब्रिटिश म्युझियम असा बेत केला, की निम्मा दिवस जमिनीखाली जातो. त्यापेक्षा एका दिवसाला एक पट्टा धरा. ट्रफाल्गर स्क्वेअरहून व्हाइटहॉलने खाली चालत या. वाटेत हॉर्स गार्ड्सचे घोडेस्वार, डाउनिंग स्ट्रीटचं फाटक (आत जाता येत नाही, उगाच खोळंबू नका), मग संसद आणि बिग बेनचा मनोरा. तिथून सेंट जेम्स पार्कमधून बकिंगहॅम राजवाडा. दुसऱ्या दिवशी वेस्टमिन्स्टर पुलावरून पलीकडे उतरून नदीकाठाने टॉवर ब्रिजपर्यंत. हे साधारण साडेचार-पाच किलोमीटर भरतं आणि बराच भाग गाड्यांविना आहे. माझ्या मते लंडनमध्ये एकच दिवस असेल तर हाच रस्ता धरावा.

पट्टा ठरवताना वार बघा. रविवारी वेस्टमिन्स्टर अॅबी आणि सेंट पॉल्स प्रार्थनेसाठी उघडी असतात, पर्यटकांना फिरण्यासाठी नाही. सेंट पॉल्सभोवतीचा बँकांचा भाग शनिवार-रविवारी सुना पडतो, चहा मिळायची मारामार. बरो मार्केट सोमवारी बंद. राजवाड्यासमोरचा पहारेबदल रोज नसतो. आदल्या दिवशी तपासून घ्या. तो चुकला तर हॉर्स गार्ड्सपाशी सकाळी घोडेस्वारांचा पहारा बदलतो. तिथे लहान मुलांना गर्दीतून खांद्यावर घ्यावं लागत नाही.

डिसेंबरात जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. बागा आणि नदीकाठ सकाळी उरका, संग्रहालयं दुपारनंतर ठेवा. जूनमध्ये नऊच्या पुढेही उजेड असतो. तेव्हा उलट करा.

रस्ता आणि फोन

वाहनं आपल्यासारखीच डाव्या बाजूने जातात, त्यामुळे आपण निर्धास्त होतो आणि एकदिशा रस्त्यावर सायकलवाल्यांच्या पुढ्यात येतो. जमिनीवर ‘लुक लेफ्ट’, ‘लुक राइट’ लिहिलेलं असतं, ते खरंच वाचा. पिवळे गोळे लुकलुकणाऱ्या झेब्रा क्रॉसिंगवर मात्र गाड्या तुमच्यासाठी थांबतात. तिथे हात दाखवत पळत सुटायची गरज नाही, आणि ‘आधी तुम्ही जा’ अशी खूण करत ताटकळायचीही नाही.

फोन हातात धरून फुटपाथच्या कडेला उभं राहणं ही सगळ्यात महागडी चूक. सायकलवरून किंवा मोपेडवरून येऊन फोन हिसकावण्याचे प्रकार मध्य लंडनमध्ये सर्रास होतात. रस्ता बघायचा तर दुकानाच्या दारात शिरा, भिंतीला पाठ लावा, बघून झालं की फोन आत. पैसे, तिकिटं, हॉटेलचा पत्ता असं सगळं एकट्या फोनवर ठेवू नका. पत्ता कागदावर लिहा, तोही पोस्टकोडसकट. एकाच नावाचे रस्ते लंडनमध्ये ढिगाने आहेत.

पाय थकले तर

प्रवासासाठी म्हणून आणलेले कोरे बूट पहिल्याच दिवशी घालू नका, हे आई-बाबांना दोनदा सांगा. दमल्यावर बस पकडा. बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत आणि एकच कार्ड चौघांना मिळून वापरता येत नाही. प्रत्येकाचं वेगळं लागतं. थांब्यावरचं अक्षर आणि बस कुठल्या दिशेची ते बघा, नाहीतर नंबर बरोबर आणि दिशा उलटी. बागेतल्या पट्ट्यापट्ट्यांच्या आरामखुर्च्या भाड्याच्या असतात, बाकडी फुकट. ठेपल्यांचा डबा बाकड्यावरच उघडा.

मराठी माणसाची वाट

लोकमान्य टिळक 1918-19 मध्ये लिटल व्हेनिस या कालव्याकाठच्या भागाजवळ 10, हॉवली प्लेस इथे राहिले होते. भिंतीवर निळी पाटी आहे. घर खासगी आहे, तेव्हा बेल वाजवू नका; पाटी फुटपाथवरून बघायची. बाबासाहेब आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना 1921-22 मध्ये 10, किंग हेन्रीज रोडवर राहत. ते घर महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. ही दोन्ही ठिकाणं लोक वेगवेगळ्या दिवशी ट्यूबने करतात, पण रीजंट्स कालव्याच्या काठाने ती एकाच चालीत जोडता येतात, साधारण चार किलोमीटरमध्ये.

मेडा हिलच्या बोगद्यात पायवाट नाही. तिथे वर रस्त्यावर यायचं आणि पलीकडे पुन्हा काठाला उतरायचं. काठावर सायकलीही असतात, म्हणून चौघांनी आडवी रांग करून चालू नये. प्राणिसंग्रहालय मागे पडलं की वर निघा, नाहीतर बोलता बोलता कॅम्डेनच्या बाजारात पोचाल. प्रिमरोझ हिलच्या टेकडीवर थोडं टेका, अख्खं शहर समोर दिसतं. पलीकडे उतरलं की किंग हेन्रीज रोड. स्मारकाची वेळ आधी बघून ठेवा. परतीसाठी चॉक फार्म स्टेशन जवळ आहे.